खेपेवर पगार आणि उताराला न्यूट्रल

घाटात लोड गाडी न्यूट्रलला टाकून सोडणारे ड्रायव्हर अजून आहेत म्हणलं की लोकांना पटत नाही. कधी कुंभार्ली उतरताना काच खाली करा आणि पुढच्या गाडीचा आवाज ऐका, इंजिनची घरघर नसतेच, नुसता टायरचा आवाज आणि मधनंमधनं ब्रेकचं फिस्स फिस्स. आमचा धंदा कराडात, दोन दहाचाकी आणि एक डंपर, म्हणजे लय मोठं ट्रान्सपोर्ट वगैरे काय नाय, पण साखर, खत, सिमेंट घेऊन कोयनानगरवरनं खाली चिपळूणला आणि येताना जांभा चिरा भरून वर असं कायम चालू असतंय, त्यामुळं हा विषय डोक्यात सारखा घोळतो, आज लिहूनच टाकतो.

न्यूट्रलवाल्यांचं म्हणणं एकच, डिझेल वाचतं. आता बीएस फोर, बीएस सिक्सच्या, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाड्यांत तर हे सरळ उलटं आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की इंजिनला डिझेल सोडायचंच बंद होतं, चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रल केलं की मात्र इंजिन स्वतःच्या जिवावर चालू ठेवायला डिझेल प्यायला लागतं. म्हणजे ज्याच्यासाठी जीव धोक्यात घालायचा तेच वाचत नाही. आणि काही महाभाग तर चावी बंद करूनच उतरवतात, पॉवर स्टेअरिंग गेलं, हवा भरणं बंद, आणि चावी जरा जास्त फिरली तर स्टेअरिंग लॉक.

हवेचं गणित नीट समजून घ्या कारण खरी गोम तिथंच आहे. एअर ब्रेकच्या गाडीत पेडल मारलं की दर वेळी टाकीतली हवा खर्च होते. मीटरवर सात-आठ किलो दाब दिसतोय तोवर सगळं गोड, पण उतारावर सारखा पाय मारत राहिलं की कॉम्प्रेसर भरतो त्यापेक्षा जास्त हवा जाते, आणि गाडी न्यूट्रलला म्हणजे इंजिन आयडलवर, म्हणजे कॉम्प्रेसर पण निवांत, म्हणजे हवा सगळ्यात जास्त लागते तेव्हाच ती सगळ्यात कमी तयार होते. हवा कमी झाल्याचा बझर वाजायला लागला की हातात फार काय राहत नाही. त्याच्या खाली हवा गेली की मागची स्प्रिंग ब्रेक, जी हवेच्या जोरावरच सुटलेली असते, ती आपोआप लागते, चाकं जाम, आणि ते जर वळणावर झालं तर गाडीचं बूड कुठं जाईल ते देव जाणे.

हवा शाबूत असली तरी ड्रमचं काय? वीस-पंचवीस टनाचं वजन उतारावर नुसत्या ब्रेकवर धरलं की ती सगळी ताकद उष्णता होऊन ड्रम आणि त्याला आतनं घासणाऱ्या लायनरमध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनरपासनं लांब जातो, लायनरची पकड पण सुटते, पेडल दाबतंय, हवा आहे, सगळं आहे, फक्त गाडी थांबत नाही. "ब्रेक फेल झाला" म्हणून पेपरात येतं त्यातल्या कितीतरी वेळा काही तुटलेलं नसतंच, ब्रेक भाजलेला असतो. जळका वास आला की त्याच क्षणी सपाट जागा बघून उभं राहायचं, चाकाला दगड लावायचा आणि ड्रम आपापलं गार होऊ द्यायचा. त्यावर बादलीनं पाणी मारणारे पण आहेत, तापलेल्या बिडावर गार पाणी म्हणजे तडा गेलाच म्हणून समजा.

अजून एक हिशोब. चाळीसच्या स्पीडला गाडी थांबवायला ब्रेकला जेवढं काम पडतं, साठच्या स्पीडला ते दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतं. म्हणून घाटातला ब्रेक वरच मारायचा असतो, उतार लागायच्या आधी. गाडी हळू करायची, खालचा गिअर टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी धरतो तो) चालू करायचा, मग सोडायची. उतार लागल्यावर गिअर खाली घ्यायला गेलं आणि तो पडला नाही की गाडी आपोआप न्यूट्रलला, मग हौसेनं न्यूट्रल करणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय राहिला.

आमचे अण्णा पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाड्या चालवून रिटायर झालेत, त्यांचा नियम की ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतरायचं. आता नव्या इंजिनला ताकद जास्त, वरच्या गिअरात पण चढतं, त्यामुळं तसंच्या तसं लागू होत नाही, कधी एक गिअर अजून खाली लागतो, पण बेस तोच. मागं एक नवा पोरगा कामाला आला, चांगला होता हाताला, तो म्हणाला, "मालक, तिसऱ्यात उतरलो तर चिपळूणला सांज व्हईल." अण्णा पान लावत बसलेले, मान वर न करता म्हणाले, "व्हऊ दे की. सांजच्याला चिपळूण काय उठून जातंय व्हय?"

पण त्या पोराचं काय चुकलं हे पण बघितलं पाहिजे. तो आधी जिथं होता तिथं पगार खेपेवर. जेवढ्या खेपा तेवढे पैसे, आणि वर डिझेलचं ॲव्हरेज ठरवून दिलेलं, त्यापेक्षा जास्त वाचलं तर ते ड्रायव्हरचं, कमी पडलं तर पगारातनं कट. आता मला सांगा, असं असल्यावर माणूस न्यूट्रल करणार नाही तर काय करणार? त्याला वर्कशॉपला बसवून फ्युएल इंजेक्शन शिकवलं तरी तो ऐकणार नाही, कारण त्याच्या डोक्यात वाचवलेलं डिझेल म्हणजे पोरांची फी आहे. सगळे ड्रायव्हरला शिव्या घालतात. गाडी तो चालवतो खरं, पण घाई मालकाच्या वहीत लिहिलेली असते. आमच्याकडं महिन्याचा पगार आणि बाहेर असेल त्या दिवसाचा भत्ता, खेप कमी झाली म्हणून कुणाचं काय कापत नाही. भाऊबंद हसतात, म्हणतात असा धंदा होत नसतो. होतोय, थोडा कमी होतोय. लायनर आणि टायर मात्र आधीपेक्षा जास्त टिकतात, ते कुणी धरत नाही हिशोबात.

आणि ड्रायव्हरला दामटायचं नाही हे काय माझ्या मनाचं नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 पासून नोव्हेंबर 2025 पर्यंत होता, पाच किंवा जास्त कामगार असले की लागू व्हायचा. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. ड्रायव्हर आणि क्लीनर धरले तर आमच्यासारखी तीन गाड्यांची पेढी पण त्यात बसायची. कुणी पाळत होतं का विचारू नका.

ओव्हरलोडचं पण तेच. 2018 ला सरकारनं एक्सलचं वजन वाढवून दिलं, सहाचाकी गाडी 16.2 टनाची होती ती 18.5 टन झाली, गाडीच्या वजनासकट. लोकांनी काय केलं, तर आधी जेवढं वर भरायचे तेवढंच नव्या आकड्याच्या वर भरायला लागले. 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20 हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार, तरी पण भाडं टनावर मिळतंय म्हणल्यावर मोह सुटत नाही. वजनापेक्षा उंची जास्त घात करते हे मात्र सांगितलं पाहिजे. फाळक्याच्या वर वीत वीत चढवलेला माल वळणावर गाडीला बाहेर ओढतो. टँकरवाल्यांनी तर अजून जपावं, दुधाचा असो नाहीतर मळीचा, भरलेल्यापेक्षा अर्धा टँकर जास्त वाईट, ब्रेक मारला की आतला माल पुढं येऊन ढकलतो आणि वळणावर एका अंगाला जातो.

खंबाटकीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. 2018 ला पुण्याकडनं येताना घाट चढून उतरायचा, साताऱ्याकडनं जाताना बोगदा, आणि बोगद्यातनं बाहेर पडल्यावर उतार आणि एस आकाराचं वळण. त्या वर्षी एप्रिलला तिथं मजुरांनी भरलेला टेम्पो उलटला, कर्नाटकातनं शिरवळकडं कामाला निघालेली माणसं, मेलेल्यांचा आकडा पंधराच्या वर होता. वळणाला सगळ्यांनी शिव्या घातल्या आणि वळण वाईटच आहे, पण मालवाहू गाडीच्या हौद्यात बायका-पोरं बसवून रात्रीचा प्रवास करायचा ही गोष्ट त्या वळणाच्या आधीच ठरलेली होती. आमच्या भागात अजून ऊसतोडीच्या टोळ्या तशाच येतात, भांड्याकुंड्यांच्या वर बसून.

ऊस निघालाच आहे तर ट्रॅक्टरवाल्यांना दोन गोष्टी. हंगामात पेठ नाका ते सांगली रस्त्याला रात्री कधी आलात तर कळेल मी का चिडतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्या ट्रॉल्यांना बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेक नाही, मागं लाईट नाही, रेडियम असलं तर त्यावर ऊस लोंबतोय, आणि टेप एवढा मोठा की मागनं हॉर्न मारलेला ऐकू जात नाही. रेडियम फाळक्याच्या खालच्या अंगाला आणि बाजूला पण लावा, आणि लोंबता ऊस तोडून मगच निघा. दुसरं, ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, रानात वळायला एकेक चाक धरता यावं म्हणून. रस्त्याला लागायच्या आधी त्या दोन्हीला जोडणारी पट्टी लावायची असते. ती न लावता स्पीडला एकाच पेडलवर पाय पडला की एकच चाक धरतं आणि मागनं दोन ट्रॉल्या ढकलत असतात, पुढचं सांगायला नको. निम्म्या ट्रॅक्टरांची ती पट्टी गंजून कुठं पडलीय ते मालकाला पण माहीत नसतंय.

ट्रकवाल्यांनी काय करायचं, तर बंद पडलेली ट्रॉली रस्त्यात असणारच असं धरून चालवायचं. सोपं नाय हे मला माहीत आहे.

डंपरचं थोडक्यात. हौदा उचलायच्या आधी वर बघायचं, तारा आहेत का, आणि खाली बघायचं, जमीन एका अंगाला कलती आहे का. कलत्या जागेवर हौदा वर गेला आणि ओली माती एका बाजूला चिकटून राहिली की गाडी आडवी. हौदा तारेला लागलाच तर केबिनमधनं उतरायचं नाही, एक पाय जमिनीवर आणि हात गाडीला झाला की संपलं. लाईन बंद होईपर्यंत आतच बसायचं. आग लागली तरच उडी, दोन्ही पाय जोडून, गाडीला हात न लावता, आणि तसंच पाय जोडून उड्या मारत लांब जायचं. आणि हौद्याखाली काम करताना टेकू लावल्याशिवाय मुंडकं आत घालायचं नाही, हायड्रोलिकचा पाईप सांगून फुटत नाही.

शेवटी झोप, जिच्यावर सगळे बोलतात आणि कुणी काय करत नाही. साठच्या स्पीडला तीन सेकंद डोळा लागला तर गाडी 50 मीटर जाते. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या ट्रकला एसी केबिन कंपल्सरी झालं, चांगलं झालं, उन्हाळ्यात केबिनमध्ये जीव शिजतो. पण एसीनं झोप भरून निघत नाही. साखर भरायला गेलं, गोडाऊनला माल उतरवायला गेलं की गेटवर नंबर लागतो, सहा-सहा तास, आणि मालक लोक फोनवर सांगतात की आरे तेवढ्यात झोप की. कसा झोपणार? दर पंधरा-वीस मिनिटाला लाईन पुढं सरकते, गाडी पुढं घेतली नाही तर मागचे शिव्या घालतात. ती रात्र वहीत विश्रांती म्हणून लागते, आणि पहाटे तीनला गाडी भरून झाली की तोच माणूस घाट उतरायला निघतो. आम्ही सध्या एवढंच करतो की रात्री भरलेली गाडी उजाडल्याशिवाय हलवायची नाही, आणि क्लीनर म्हणून हेवी लायसन असलेला माणूस ठेवायचा, म्हणजे लाईनीत गाडी तो सरकवतो आणि ड्रायव्हर मागं ताणून देतो. त्याला पगार जास्त द्यावा लागतो, आणि असा माणूस वर्षभर टिकत नाही, त्याला स्वतःची गाडी हातात पाहिजे असते. टोकन देऊन वेळेवर बोलवायची पद्धत सगळ्या गेटांवर झाली तर हा प्रकारच उरणार नाही, माल देणाऱ्या पार्टीला दोन-तीनदा बोललोय, बघू म्हणालेत.