वाटेतली कोथिंबीर

बसचं तिकीट पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतं, हे पुण्यातल्या नोकरदाराला कुणी समजावून सांगायला नको. तो ते मान्य करतो आणि सकाळी मुकाट्यानं दुचाकीला किक मारतो. मग त्याला आळशी ठरवून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही.

ऑफिसातून घरी सरळ येतं कोण? वाटेत गिरणीतून दळण उचलायचं, आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायच्या, मुलीला क्लासहून आणायचं, आणि कोथिंबीर तर घरात कायमच संपलेली. (ही यादी बहुतेक घरांत बाईच्याच नावावर असते, हे ओघानं आलंच.) कोथिंबिरीसाठी बसमधून उतरलं की पुढची बस कधी येईल, हे देव जाणे. दुचाकीवर मात्र एक पाय खाली टेकवला की जुडी पिशवीत.

गंमत म्हणजे हाच माणूस बदली होऊन मुंबईला गेला की निमूट लोकलचा पास काढतो. तिथे भाजीवाल्या स्टेशनबाहेरच बसलेल्या असतात आणि लेडीज डब्यात कल्याण येईपर्यंत गवार मोडून होते. गाडी चुकली तरी मागून दुसरी असते. माणूस तोच, सवयी शहराच्या.

६ मार्च २०२२ ला, रविवारी, पुण्यात वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली. पहिले काही दिवस लोक सहकुटुंब हौसेनं बसून आले, फोटो काढले आणि कामाला पुन्हा आपापल्या गाडीवरून गेले. पाच स्टेशनांत कुणाचं ऑफिस बसणार? पुढे २०२३ मध्ये ती रुबी हॉलपर्यंत पोचली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पिंपरीकडून येणारा दुसरा मार्ग जमिनीखालून स्वारगेटला गेला. त्यात मधे चक्क मंडई स्टेशन! ज्यानं कुणी ते तिथे ठेवलं, त्याला घरून पिशवी घेऊन पाठवत असावेत.

आमच्या शेजारच्या वहिनी हल्ली ऑफिस सुटल्यावर मेट्रोनं मंडई गाठतात, भाजी घेतात, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून वनाजला उतरतात. तिथून घर लांब, म्हणून सकाळी स्कूटर स्टेशनपाशी लावलेली असते. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ स्कूटरनंच का जात नाही, असं विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘मंडईत तुम्हाला गाडी लावायला जागा मिळते? कुठे, तेवढं सांगून ठेवा.’’