मशीन ठणठणीत, लिंबू वाळलेला

सांगलीच्या विश्रामबागेतून फोन आला तो भांडणाच्याच सुरात. "तुमचं सॉफ्टनर काही करत नाही. टीडीएस आहे तेवढाच आहे." सॉफ्टनर म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं मशीन, ते बसवणं हे माझं काम. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, म्हटलं की पुढची तक्रार मला पाठ असते. आरओ विकणाऱ्यांनी पेनाएवढी मीटरं घरोघर वाटलीत, आणि आता लोक सगळं पाणी त्यानंच मोजतात.

सॉफ्टनर टीडीएस कमी करतच नाही. आत मोहरीहून बारीक पिवळसर मणी असतात, म्हणजे रेझिन. त्यांवर सोडियम बसलेलं असतं. बोअरचं पाणी त्यातून गेलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यांना धरतात आणि तेवढ्या हिशेबात सोडियम पाण्यात उतरतं. क्षार जवळपास तेवढेच राहतात, फक्त गिझरच्या कॉइलवर थर धरणारे जाऊन न धरणारे येतात. मणी भरले की मिठाचं पाणी सोडून ते पुन्हा धुवायचे, यालाच रिजनरेशन म्हणतात. मीटर पाण्यातून वीज किती जाते एवढंच बघतो. त्याला यातलं काय कळणार!

मी बाटल्या काढल्या. बोअरच्या पाण्यात बफरचे थेंब आणि चिमूटभर इंडिकेटर टाकल्यावर पाणी वाइनच्या रंगाचं लाल झालं. मग जडपणा मोजायच्या द्रावणाचे थेंब मोजत टाकत गेलो, निळं व्हायला वेळ लागला. जडपणा लिटरला 550 मिलिग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात 200 पर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत. मशीनमधून आलेलं पाणी घेतलं तर इंडिकेटर पडताक्षणी निळंशार. हा निळा रंग बघायला मला अजून आवडतो.

मालकाचं समाधान नाही. "मग मीटर खोटं बोलतंय का?" मीटरचा आकडा उतरेना म्हणून हे गृहस्थ रोज रात्री व्हॉल्व्ह फिरवून रिजनरेशन करत होते, तेही दुप्पट मीठ टाकून. पंचवीस लिटर रेझिनला साधारण चार किलो मीठ पुरतं आणि त्यावर हे पाणी दोनेक हजार लिटर निघतं. यांचा बाथरूमचा रोजचा वापर त्याच्या निम्माही नाही.

मिठाचं पाणी बाहेर सोडणारी ड्रेन कुठं काढलीय ते बघायला मागं गेलो तर पाइप सरळ लिंबाच्या आळ्यात. बसवणाऱ्यानं दहा फूट पाइप वाचवला होता. लिंबाच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, खाली पानांचा सडा, आणि माती ओली असताना तुळतुळीत, वाळली की दगड. शेजारी खुर्ची टाकून मालकांचे वडील, तात्या, बसलेले. वाळवा तालुक्यातले, उसाचे शेतकरी.

"मिस्त्री, यात मीठ सोडताय व्हय?"

मी अदलाबदल समजावून सांगायला लागलो. मालकांना जे अर्धा तास पटत नव्हतं, ते तात्यांना दोन वाक्यांत कळलं. ते म्हणाले, "आमचं रान असंच चोपण, खारट आन् चिकट झालं. पाण्यावर पाणी दिलं, मीठ वर आलं. मग जिप्सम टाकलं. जिप्सममधला कॅल्शियम मातीला धरतो आणि सोडियमला हुसकतो. तुमचं मशीन त्याच्या उलटं."

अगदी तेच. इतकी वर्षं मशीनं बसवतोय, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये रंगीत चित्रं बघितली, पण चिकणमातीचा कण आणि रेझिनचा मणी एकच उद्योग करतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"पण नुसतं जिप्सम टाकून भागत नाही," तात्या म्हणाले. "सुटलेलं मीठ निघून जायला पाहिजे. आम्ही रानाखालनं निचऱ्याच्या पाइपा घातल्या. तुमचं मीठ जातंय कुठं?"

"आता पाइप गटारीला जोडतो."

"आणि गटार?"

मी म्हटलं, नदीच्या मानानं हे मीठ किती ते. तर म्हणाले, "आमचं रान काय एका पाण्यात चोपण झालं व्हय?"

पाइप हलवला. बागेचा नळ मशीनच्या आधीच, थेट बोअरच्या लाइनवर घेतला. झाडाला ते जड पाणीच बरं, त्यात कॅल्शियम आहे. मालकांना व्हॉल्व्हजवळ कागद चिकटवून दिला: बॅकवॉश (उलट्या दिशेनं पाणी सोडून मणी धुणं), मग मीठ, मग रिन्स (साध्या पाण्यानं मीठ धुऊन काढणं), आणि रिन्सचं पाणी जिभेला खारट लागेना झालं की सर्व्हिस, म्हणजे नेहमीचा वापर. मीठ चार किलोच, दोन-तीन दिवसांतून एकदा, आणि तेही इंडिकेटर टाकल्यावर मशीनचं पाणी निळं व्हायचं थांबलं तरच.

तेव्हापासून मी नव्या गिऱ्हाइकाला सगळ्या घराला सॉफ्टनर सांगत नाही. गिझर आणि वॉशिंग मशीनची लाइन घ्या, फ्लशला आणि अंगण धुवायला बोअरचंच पाणी चालतं. मशीन लहान बसतं, मीठ कमी लागतं, आणि बिलही कमी होतं. डीलर परवा वैतागून म्हणाला, "तू आमचा टेक्निशियन आहेस का शेतकी अधिकारी?"