सिकलसेलची जीन थेरपी: लॅबच्या टेबलावरून

परवा एक आजोबा नातवाचा रिपोर्ट न्यायला आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये आले. म्हणाले, "म्याडम, सिकलसेलवर नवीन औषध निंगालं म्हणते. आमच्या नातवाले भेटन का?" नातू एसएस, म्हणजे सिकलचं जनुक आई आणि बाप दोघांकडूनही आलेला. आमच्या गडचिरोलीकडे अशी घरं गावोगाव आहेत. त्यांना उभ्या उभ्या सांगितलं ते इथे नीट लिहिते.

सिकलसेलची पहिली तपासणी म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट. तिच्यासाठी नळीत डायथायोनाइटचं द्रावण घ्यायचं, बोटातलं थेंबभर रक्त मिसळायचं, थोडं थांबायचं आणि नळी काळ्या रेघांच्या कागदासमोर धरायची. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. गढूळ होऊन रेघा गायब झाल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. मग वाहक (एकाच पालकाकडून सिकलचं जनुक आलेला) की रुग्ण ते इलेक्ट्रोफोरेसिसवर, म्हणजे विजेने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळ्या पट्ट्यांत वेगळे करणाऱ्या तपासणीत, कळतं. ऑक्सिजन गेला की एस, म्हणजे सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात, त्यानेच नळी गढूळते. शरीरात हेच तांबड्या पेशीत घडतं. पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पोरगं रात्रभर हाडं धरून रडतं. मूळ दोष केवढा, तर हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन.

आता महत्त्वाचं. अगदी तान्ह्या बाळासाठी ही टेस्ट भरवशाची नाही. बाळ एसएस असलं तरी नळीमागच्या रेघा स्वच्छ दिसू शकतात, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातलं, एफ हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि ते एसचे दोरे जुळू देत नाही. म्हणूनच बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं. न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच हे हेरलं होतं. पुढे बीसीएल११ए नावाचं जनुक एफला दाबून टाकतं आणि दुखणी सुरू होतात.

'कॅसजेवी' या थेरपीने नेमकं इथेच बोट ठेवलंय. रुग्णाच्या रक्तातून रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत क्रिस्परच्या, म्हणजे जनुक नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राच्या, कात्रीने तांबड्या पेशींपुरतं बीसीएल११ए मंद करतात. मग जोरदार केमोथेरपीने जुना अस्थिमज्जा रिकामा करून त्या पेशी परत सोडतात. एफ पुन्हा सुरू होतं. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, १२ वर्षांवरच्या रुग्णांसाठी. चाचणीत पुरेसा काळ पाहता आलेल्या ३१ जणांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. ज्यांनी असे झटके जवळून पाहिलेत त्यांना या आकड्याचं मोल सांगायला नको. पण हे काही इंजेक्शन घेऊन घरी येण्यासारखं नाही. आठवडेच्या आठवडे दवाखान्यात राहावं लागतं आणि केमोमुळे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते.

शिवाय या थेरपीत सिकलचं जनुक दुरुस्त होतच नाही. अशा रुग्णाचं रक्त माझ्याकडे आलं, तर इलेक्ट्रोफोरेसिसवर एसचा पट्टा दिसणारच, फक्त शेजारी एफचा ठसठशीत पट्टा असेल. बीजपेशींना (शुक्राणू, स्त्रीबीज) तर हातच लागत नाही. त्यामुळे बऱ्या झालेल्या माणसाच्या प्रत्येक मुलाला एस जनुक मिळणारच. बायको वाहक निघाली तर प्रत्येक खेपेला निम्मी शक्यता एसएस बाळाची.

किंमत २२ लाख डॉलर, अठरा कोटींच्या वर. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने 'बिरसा १०१' ही आपली क्रिस्पर थेरपी तयार केली आहे आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्यांच्यासोबत आहे. माझं सगळं लक्ष तिकडे लागलंय. ती गडचिरोलीच्या पोरांपर्यंत पोचलीच पाहिजे.

आजोबांना मी नातवाच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल दाखवल्या. ही कॅप्सूलही एफच वाढवते, कमी प्रमाणात, पण आज, इथे, फुकट. दुखणं थांबलं की घरचे ती बंद करतात, तसं करू नका म्हटलं. रोज द्या, आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला रक्त तपासायला आणा. नातीचं लग्न ठरतंय असं ते जाता जाता बोलले. ती वाहक आहे. "मुलालाही घेऊन या," मी म्हटलं, "साखरपुड्याच्या आधी."