ओल्ड कोर्स उलटा चालावा: नाशिकहून सेंट अँड्रूजला जाणाऱ्यांसाठी

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्स या जुन्या गोल्फ मैदानावर रविवारी खेळ बंद असतो. त्या दिवशी मैदान गावाचं असतं. कुत्री फिरवणारे, मुलांना घेऊन आलेले, समुद्राकडे निघालेले लोक फेअरवेवरून, म्हणजे गवत कापलेल्या मुख्य पट्ट्यांवरून, खुशाल चालतात. कोर्सची रचना समजून घ्यायला नाशिकहून एवढ्या लांब जाणार असाल, तर सगळं वेळापत्रक एका रविवारभोवती बांधा. खेळताना नजर चेंडूवर खिळलेली असते; जमीन दिसते ती रिकाम्या हातांनी चालताना. ऑक्टोबरच्या सुरुवातीची डनहिल स्पर्धा आणि ओपन ही मोठी गोल्फ स्पर्धा यांच्या वेळचा रविवार मात्र धरू नका. 2027 ची ओपन इथेच आहे, त्यामुळे त्या वर्षीचा जुलै टाळलेला बरा.

तयारी नाशिकमध्येच करता येते. त्र्यंबक रोडवरच्या गोल्फ क्लब मैदानात आज गोल्फचं फक्त नाव उरलंय, पण तिथल्या जॉगिंग ट्रॅकवर पावलांनी अंतर मोजायचा सराव उत्तम होतो. एक यार्ड म्हणजे 0.91 मीटर. आपल्या किती पावलांत 100 यार्ड होतात ते पक्कं ठाऊक असलं की नकाशातला आकडा पायांना कळतो. उतारासाठी कॉलनीतला एखादा शांत डांबरी रस्ता गाठा. पाणी कडेला जावं म्हणून त्याला साधारण 2 ते 2.5 टक्के आडवा उतार दिलेला असतो. फोनमधलं लेव्हल दाखवणारं ॲप अंश दाखवतं. 1 अंश म्हणजे सुमारे 1.75 टक्के. तिथे डोळे मिटून उभं राहा आणि तो उतार तळव्यांत बसू द्या. वेगवान ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, झेंड्याचा खड्डा शक्यतो 3 टक्क्यांच्या आतल्या जागी ठेवतात. त्याहून जास्त उतारावर चेंडू थांबायला कुरकुरतो आणि 4 टक्क्यांपुढे थांबेलच याची खात्री नसते. द्राक्षबागायतदारांना हे शिकवावं लागत नाही. पाणी कुठून येऊन कुठे साचेल हे त्यांना बांधावर उभं राहूनच दिसतं. तीच नजर इथे लागते.

व्हिसाची कागदपत्रं आणि बोटांचे ठसे मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात द्यावे लागतात. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा. एडिंबरोहून रेल्वेने ल्यूकर्स स्टेशन सुमारे तासाभरावर आहे; तिथून 99 नंबरची बस दहा-पंधरा मिनिटांत गावात सोडते. खुद्द सेंट अँड्रूजला स्टेशन नाही. खाण्यात चिवडा, मनुका खुशाल न्या, पण तूप, पेढे, खव्याचे पदार्थ नकोत: बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला ब्रिटनमध्ये बंदी आहे आणि ते विमानतळावर काढून घेतले जातात.

मैदानावर पाऊल टाकताच फरक कळतो तो जमिनीचा. खाली समुद्राने सोडलेली वाळू आहे. पाऊस पडला तरी पाणी लगेच मुरतं, वर फेस्क्यूसारखं बारीक गवत येतं आणि जमीन कडक राहते. चेंडू पडला की टणकन उसळतो आणि लांबवर घरंगळतो. म्हणून इथे प्रत्येक उंचवटा खेळात भाग घेतो. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात चेंडू पडेल तिथेच रुतून बसतो, मग चढ-उतार नुसते शोभेचे उरतात. हा एक मुद्दा पक्का ठरला की बाकीची रचना आपोआप उलगडत जाते.

आता चालायचं कसं? अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलच्या ग्रीनपासून सुरुवात करा आणि उलट दिशेने पहिल्या टीपर्यंत (होलचा पहिला फटका मारायची जागा) या. एकूण अंतर पावणेसात किलोमीटरच्या आसपास, थांबत-बघत गेलं तर चार तास. उलटं चालण्यामागे कारण आहे. हा कोर्स पूर्वी उलट्या दिशेनेही खेळला जाई, आणि कित्येक बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, त्या खेळासाठीच जागेवर होते. आज टीवरून ते दिसत नाहीत. बाराव्या होलच्या टीवर उभं राहिलं तर समोर निर्धोक माळरान वाटतं. ग्रीनकडून मागे वळून पाहिलं की फेअरवेच्या मधोमध बंकर उघडे पडतात. सुलट चालणाऱ्याला हे निसटतंच.

सोबत ॲलिस्टर मॅकेंझी यांनी केलेल्या, 1924 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशाची छापील प्रत ठेवा. मॅकेंझी डॉक्टर होते. बोअर युद्धात शत्रूने जमिनीचा आडोसा कसा वापरला ते पाहून त्यांनी लपवण्याच्या कलेचा अभ्यास केला. पुढे गोल्फपटू बॉबी जोन्ससोबत त्यांनी अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल हे मैदान आखलं. त्या रुंद फेअरवेंचं मूळ इथे पायाखाली आहे.

सर्वाधिक वेळ सतराव्या होलला द्या. लांबी 495 यार्ड, पार 4, म्हणजे चार फटक्यांत संपवायचं. ग्रीन अरुंद, लांबट आणि तिरकं. पुढच्या अंगाला डावीकडे खोल रोड बंकर, मागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. टीवरून कडेच्या हॉटेलच्या कोपऱ्यावरून उजवीकडे धाडस केलं तर ग्रीनची लांबी मोकळी मिळते. डावीकडे सुरक्षित मारलं तर पुढच्या फटक्यात बंकर आडवा येतो. बंकर दिसायला लहान आहे, पण कडेला उभं राहून आजूबाजूचा उतार पाहा: सगळी जमीन त्याच्याकडे झुकलेली आहे. म्हणजे खेळातला त्याचा आकार प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठा. 1978 च्या ओपनमध्ये टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होते. पटचा, म्हणजे ग्रीनवरच्या हलक्या फटक्याचा चेंडू घरंगळत या बंकरमध्ये गेला आणि होल नऊवर संपलं. बंकरची भिंत गवताच्या चिपा एकावर एक रचून बांधलेली असते, म्हणून ती जवळजवळ उभी राहते. बंकरमध्ये उतरू नका आणि ग्रीनवर चालू नका, कडेवरून सगळं दिसतं.

चौदाव्यावर हेल बंकर आहेच, पण खरी गोष्ट रुंदीची. उजवीकडे हद्दीची भिंत, डावीकडे बियर्डीज नावाचे बंकर, मध्ये प्रशस्त फेअरवे. पुढे हेल बंकर ओलांडायचा की डावीकडून वळसा घालायचा, हे टीवरच ठरवावं लागतं. जागा भरपूर आहे, योग्य जागा थोडी आहे. सगळ्या कोर्सभर हाच हिशेब चालतो: डावीकडे निभाव, उजवीकडे धोका आणि चांगला कोन.

जोडग्रीन पाहताना गोंधळ होतो. सात ग्रीन दोन-दोन होल्समध्ये वाटलेली आहेत आणि जोडीतल्या क्रमांकांची बेरीज नेहमी 18: दोन-सोळा, पाच-तेरा, सात-अकरा. जाताना पांढरे झेंडे, परतताना लाल. पहिलं, नववं, सतरावं आणि अठरावं यांची ग्रीन स्वतंत्र. अकराव्यावर मागून पुढे येणारा तीव्र उतार आणि पुढचे हिल व स्ट्रॅथ हे बंकर एकत्र बघा. झेंड्याच्या वर राहिलेला चेंडू कसा छळेल ते लगेच कळतं. पहिल्या आणि अठराव्याला एकही बंकर नाही. पहिल्याला ग्रीनपुढचा ओढा आणि अठराव्याला ग्रीनच्या तोंडाशी असलेली खोलगट ‘व्हॅली ऑफ सिन’ एवढ्यावर भागतं. त्या ओढ्यावरच्या स्विल्कन पुलावर फोटोसाठी रांग असते. तिथे फार रेंगाळू नका.

सर्वांत मोठी चूक वेळेची होते. भर दुपारी ऊन डोक्यावर असताना सावल्या पडत नाहीत आणि गुडघाभर उंचवटेही सपाट दिसतात. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा संध्याकाळी सहानंतर, उजेड बाजूने येईल असं उभं राहून फोटो काढा. समुद्रावरून अचानक दाट धुकं येतं, त्याला तिथे हार म्हणतात. तासा-दोन तासांत सरकू शकतं, म्हणून लगेच परतू नका. जूनमध्येही वाऱ्यासाठी जाकीट हवंच.

खेळायचं असेल तर रोजच्या सोडतीत नाव द्या: किमान दोघे खेळाडू, खेळाच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत. मंगळवारसाठी रविवारी नाव द्यावं लागतं, ते चालण्याच्या नादात विसरतं. हँडिकॅपचा (खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा) दाखला नाशिकहूनच न्या. नवख्यांसाठी शेजारी नऊ होल्सचा बालगोव्ह आहे. आणि ‘हिमालयाज’ हे पटिंगचं मैदान कोणीही चुकवू नये. 1867 मध्ये स्थापन झालेल्या महिलांच्या पटिंग क्लबचं ते मैदान आहे. थोड्या पौंडांत पाहुण्यांनाही खेळता येतं. नाशिकच्या रस्त्यावर तळव्यांनी ओळखलेला उतार इथे चेंडूवर पडताळून बघता येतो.

सोमवारी गावाबाहेरच्या टेकाडावरचा कॅसल कोर्स बघा. डेव्हिड मॅकले किड यांनी आखलेला, 2008 मध्ये सुरू झालेला. तिथे पूर्वी शेतं होती. आज दिसणारे चढ-उतार यंत्रांनी घडवलेले आहेत. नाशिकमध्ये कधी कोर्स करायचा झाला तर उपयोगी पडेल तो हाच, कारण आपल्याकडे समुद्राची वाळू नाही. ग्रीनखाली निचऱ्याचे पाइप, त्यावर सुमारे 10 सेंटीमीटर खडी आणि त्यावर 30 सेंटीमीटर वाळूमिश्रित थर, असं करावं लागेल; वर फेस्क्यू नाही, उन्हाळा सोसणारी हरळी. चिकणमाती सर्वांत खाली राहिली पाहिजे, नाहीतर चार महिन्यांच्या पावसात सगळी मेहनत चिखलात जाते.