लष्करी वाघिणीची खबरबात: चार अ‍ॅक्सल बॉक्स उघडले, रंगाखालचा नंबर सापडला

गेल्या वेळी लिहिलं तेव्हा आम्ही जतन करायला घेतलेली रेल्वेची वाघीण, म्हणजे मालडबा, अजून अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटातल्या लष्करी डेपोत उभी होती. आता ती आमच्या संग्रहालयाच्या सायडिंगवर (बाजूच्या रुळावर) आहे, स्वतःच्या चाकांवर. एका बोगीचे, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीचे, चारही अ‍ॅक्सल बॉक्स (अ‍ॅक्सलची टोकं ज्यात फिरतात त्या पेट्या) उघडून, पुसून, तपासून झाले. दुसरी बोगी अर्धी झाली आहे. एका बाजूच्या पत्र्यावरचे रंगाचे थर वाचून झाले आणि त्यातून जे हाती लागलं त्यानं आमच्या गटात चांगलाच वाद रंगला. त्याबद्दल पुढे लिहितो.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. चाळीस फुटी, पन्नास टनी, पोलादी बंद वाघीण. बांधणी १९५३ ची, म्हणजे कोरिया युद्ध संपत आलं त्या वर्षाची. मालक अमेरिकी लष्कर, काम दारूगोळा वाहण्याचं. अमेरिकेत वाघिणीच्या खुणेचं शेवटचं अक्षर एक्स असेल तर मालक रेल्वे कंपनी नाही, दुसरा कुणीतरी आहे असं समजायचं. आमच्या वाघिणीवर यूएसएएक्स अशी खूण आहे.

पुण्याच्या एका रेल्वेवेड्या मित्रानं विचारलं, ‘एवढी धडपड करताय तर इंजिन तरी वाचवा, मालडबा कशाला?’ मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. इंजिनं वाचवायला माणसं धावून येतात. पण रेल्वेनं पोट भरलं ते मालावर, आणि माल वाहिला तो या डब्यांनी. चाळीस फुटी बंद वाघिणी एके काळी अमेरिकेत लाखोंनी धावत होत्या. आज मूळ अवस्थेतली, कुणी कापाकापी न केलेली वाघीण शोधायला गेलं की दमछाक होते.

याचं कारण नियमांत आहे. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, रेल्वे कंपन्या एकमेकींचे डबे आपल्या रुळांवर घेतात, त्याची एक सामाईक नियमावली आहे. तिच्या ८८ व्या नियमानुसार १ जुलै १९७४ पूर्वी बांधलेल्या डब्याला सर्वसाधारणपणे चाळीस वर्षं, त्यानंतरच्याला पन्नास वर्षं, एवढीच सेवेची मुदत. त्यात रोलर बेअरिंग आली आणि जुन्या तेलाच्या बेअरिंगचे डबे अदलाबदलीतून बादच झाले. रेल्वे कंपन्यांनी ते थेट भंगारात घातले. लष्कराच्या डेपोतल्या वाघिणींना मात्र कुंपणाबाहेर जायचंच नव्हतं. कोठारापासून धक्क्यापर्यंत, धक्क्यापासून कोठारापर्यंत, एवढाच त्यांचा प्रवास. नियम बाहेरच्या रुळांसाठी होता, म्हणून या आत तशाच राहिल्या. वर वाळवंटाची कोरडी हवा, त्यामुळे गंजही बेताचा. हॉथॉर्न, टूएल, सिएरा हे पश्चिमेकडचे डेपो म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेली मातीनं झाकलेली काँक्रीटची कोठारं आणि त्यांच्यामधून फिरणारे रूळ. एकोणीसशे पन्नासच्या सुमाराची मालडब्याची विद्या जशीच्या तशी पाहायची असेल तर अशा डेपोंसारखी जागा नाही, हे माझं ठाम मत आहे. आणि ही दारं कायम उघडी राहणार नाहीत. इलिनॉयमधला सव्हाना आणि न्यू यॉर्कमधला सेनेका हे डेपो लष्करी तळ कमी करण्याच्या १९९५ च्या फेरीत बंद करायचे ठरले आणि २००० मध्ये बंद झाले. डेपो गेला की रूळ जातात आणि रुळांवरचं सगळंच जातं.

(दुसऱ्या महायुद्धातले सैनिकांचे शयनडबे २,४०० बांधले होते, त्यांच्या जोडीचे स्वयंपाकडबे ४४०. तेही मुळात पन्नास फुटी मालडब्याच्याच सांगाड्यावर. त्यातले काही संग्रहालयांत आहेत, कारण त्यांच्याशी माणसांच्या आठवणी जोडलेल्या आहेत. दारूगोळ्याच्या वाघिणीत कुणी झोपलं नव्हतं, म्हणून तिच्यासाठी कुणीतरी मुद्दाम उभं राहावं लागतं.)

कागदपत्रांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. इथे जादा ठरलेला लष्करी माल आधी लष्कराच्याच इतर विभागांना दाखवतात, मग फेडरल सरकारच्या इतर खात्यांना. कुणालाच नको असेल तर तो त्या त्या राज्याच्या जादा मालमत्तेच्या कार्यालयामार्फत पात्र संस्थांना देणगी म्हणून मिळू शकतो, आणि लोकांसाठी नियमित खुलं असलेलं संग्रहालय त्यात बसतं. अट अशी की वर्षाच्या आत वस्तू वापरात आली पाहिजे आणि पुढे निदान वर्षभर वापरात राहिली पाहिजे. दारूगोळ्याचा डबा असल्यामुळे स्फोटक काही उरलेलं नाही असा लेखी दाखलाही हवा. तो हातात आल्याशिवाय आम्ही फळीसुद्धा उचकटली नाही. ज्यांना असं काही करायचं आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की आधी राज्याच्या कार्यालयात नाव नोंदवा, वाघीण नंतर शोधा. उलट क्रमानं गेलात तर डबा भंगारवाल्याकडे पोचेपर्यंत तुमचा अर्ज टेबलावरच असेल.

आणताना रुळांवरून आणणं शक्य नव्हतं, तेलाच्या बेअरिंगमुळे. म्हणून रस्ता. ज्यांनी हे कधी पाहिलेलं नाही त्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण वाघिणीचा सांगाडा बोगीला कुठेही बोल्टनं जखडलेला नसतो. जात्याची वरची तळी खुंट्यावर बसते तसा तो मधल्या खिळीवर आपल्या वजनानं बसलेला असतो. ब्रेकच्या दांडीची पिन काढली की क्रेननं सांगाडा सरळ वर येतो आणि बोग्या रुळांवर तशाच राहतात. सांगाडा खोलगट ट्रेलरवर, बोग्या दुसऱ्या ट्रकवर. रस्त्यावर साडेआठ फुटांपेक्षा रुंद काहीही न्यायचं तर खास परवाना लागतो आणि वाघीण त्याहून रुंद, म्हणून पुढे-मागे इशारा देणाऱ्या गाड्या. क्रेनचं भाडं हा सगळ्यात मोठा खर्च, त्यामुळे देणग्या गोळा करताना तो आकडा सगळ्यात आधी धरा.

आता बोगी. साडेपाच बाय दहा इंचांचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारं अ‍ॅक्सलचं टोक), पन्नास टनी वाघिणीचं नेहमीचं माप. झाकण उघडलं की आत अ‍ॅक्सलचं टोक, त्याच्यावर बसलेलं पितळ, पितळावर पोलादी वेज (पाचर). पितळाच्या आतल्या बाजूला मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर असतं. खाली तेलात भिजलेली गादी, जी अ‍ॅक्सल फिरेल तसं तेल वर पोचवते. त्याआधी तिथे सुताचे गुंते भरायचे, आणि एखादा धागा पितळाखाली ओढला गेला की तेलाची साय तुटायची, बेअरिंग तापायचं, पेट घ्यायचं. आपल्याकडे गार्ड, स्टेशन मास्तर ‘हॉट अ‍ॅक्सल’ म्हणून धास्तावतात तोच हा प्रकार.

बॉक्स जॅकनं थोडा वर घेतला की वेज सुटतो, आणि मग पितळ हातानं ओढून बाहेर काढता येतं. पहिलं काढलं तेव्हा सगळे भोवती जमलो होतो. तेलाचा जाड काळा थर पुसला आणि खाली अस्तर एकसारखं करडं, तुकतुकीत. एकही ओरखडा नाही, कडेला वितळल्याची खूण नाही. जर्नल टॉर्च लावून पाहिला, आरशासारखा. फार कमी मैल धावलेली वाघीण आहे हे कागदावरून अंदाजानं माहीत होतं, ते त्या पितळानं सिद्ध केलं. पितळ लगेच आत बसवलं आणि झाकणांना कुलूपकड्या केल्या, कारण पितळाला भाव आहे आणि उघड्या यार्डात ते टिकत नाही.

आतून डबा अजून सुरेख आहे. भिंतींना लाकडी फळ्या, जमिनीला जाड फळ्या, त्यात पेट्या हलू नयेत म्हणून ठोकलेल्या अडसरांच्या खिळ्यांची भोकं. चाकांच्या बरोबर वर, जमिनीखालून, पत्र्याच्या ढाली आहेत. ब्रेक लागताना उडणारी ठिणगी लाकडापर्यंत पोचू नये म्हणून स्फोटकांच्या डब्याला त्या लावतात. बाहेर दाराशेजारच्या लाकडी पाटीवर टाचण्यांची रांग आणि त्यांच्याखाली पिवळट कागदाचा कोपरा अडकलेला सापडला. स्फोटकं भरण्याआधी डबा तपासून दोन्ही बाजूंना तपासणीचा दाखला चिकटवावा लागतो, बहुधा त्याचाच हा तुकडा. अक्षरं उडाली आहेत. आम्ही पाटी कागदासकट उतरवून आत कपाटात ठेवली, बाहेर तिची नक्कल लावणार आहोत. टाचण्यासुद्धा काढलेल्या नाहीत.

आता वादाचा विषय. बाहेरून वाघीण विटलेली तांबडी-तपकिरी, त्यावर यूएसएएक्स आणि नंबर. रात्री टॉर्च पत्र्याला चिकटवून आडवा उजेड टाकला की खालच्या रंगाच्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात. असा उजेड टाकत गेलो आणि नंबरच्या वर, दाराच्या डाव्या हाताला, जुन्या स्टेन्सिलची ‘यू. एस. आर्मी’ ही अक्षरं आणि त्याखाली एक वेगळाच नंबर उमटला. मग त्या चौकोनात बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून थर हळूहळू उतरवले. शिशाचा रंग आहे, त्यामुळे कोरडं घासायचं नाही, तोंडावर फिल्टरचा मास्क, आणि खाली पडलेला गाळ गोळा करून वेगळा टाकायचा. अक्षरं पारदर्शक प्लास्टिकवर पेनानं उतरवून घेतली. स्टेन्सिलचे सांधे, अक्षरांची जाडी, सगळं मापात मिळालं.

गटातल्या काहींचं म्हणणं, पश्चिमेकडच्या एखाद्या नावाजलेल्या रेल्वेच्या रंगात रंगवू, लोकांना ते नाव ओळखीचं आहे, फोटो काढतील. त्यांची तळमळ मला कळते, तिकीटविक्रीवरच आमची वीज आणि विमा चालतो. पण या वाघिणीनं त्या रेल्वेची चाकरी कधी केली नाही. तिच्या अंगावर दुसऱ्याचं नाव लिहिलं की ती बाकीच्या डब्यांतली एक होते, आणि लष्करानं स्वतःच्या वाघिणी बाळगल्या होत्या ही गोष्टच पुसली जाते. भारतातल्या वाचकांना तर हे पटकन पटेल. १९४४ मध्ये अमेरिकी लष्करी रेल्वेनं बंगाल-आसाम रेल्वेचा आसामातल्या लेडोकडे जाणारा सुमारे ८०० मैलांचा मार्ग चालवायला घेतला होता, तो इतिहास आज रुळांवर शोधायला गेलं तर किती थोडा हाती लागतो! शेवटी ठरलं ते असं: मूळ नंबर, मूळ अक्षरं, मूळ रंग. शिवाय एक कोपरा सगळे थर दिसतील असा उघडा सोडून वर पारदर्शक लेप. मला हा निर्णय मनापासून पटला आहे.

छतावरची चालायची फळी अजून जागेवर आहे. १९६६ नंतर नव्या बंद डब्यांवरून ती गेली, त्यामुळे ही टिकवणारच. दोन फळ्या कुजल्या आहेत, त्या बदलू.

ब्रेक एबी जातीचा, १९३३ पासून नव्या डब्यांना सक्तीचा झालेला. झडपेचे दोन्ही भाग उतरवून पेटीत ठेवले आहेत. हवेच्या टाकीवर शेवटच्या साफसफाईची तारीख स्टेन्सिल केलेली असते, आपल्या वाघिणींवर पीओएचची (ठरावीक मुदतीनं होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीची) तारीख असते तशी. तिच्यावर रंग चढवू नका असं मी खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे. रबराच्या डायफ्रॅम आणि वॉशरांची यादी तयार आहे. थंडी सुरू व्हायच्या आत दुसऱ्या बोगीचे उरलेले दोन बॉक्स आणि छताच्या फळ्या उरकायच्या आहेत. रंग वसंतात, हवा कोरडी आणि उबदार झाली की. कुणाकडे १९५० च्या दशकातल्या यूएसएएक्स बंद वाघिणींचे रंगीत फोटो असतील, विशेषतः टोकाच्या बाजूचे, तर जरूर पाठवा. बाजूंची अक्षरं मिळाली, टोकांची अजून मिळालेली नाहीत.