उतारावरचं मैदान

शनिवार, रात्र

आज हॅलम या फुटबॉल क्लबचं सँडीगेट मैदान बघून झालं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या पश्चिमेला क्रॉसपूल म्हणून उपनगर आहे. बस चढण चढत चढत तिथे पोचते आणि घरांच्या मधोमध हे मैदान लागतं. जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनीज बुकात याची नोंद आहे. २६ डिसेंबर १८६० रोजी हॅलम आणि शेफील्ड या क्लबांची मॅच इथे झाली आणि शेफील्डने ती २-० अशी जिंकली. दोन क्लबांमधली जगातली पहिली मॅच ती हीच, असं मानतात. आपल्याकडे सत्तावन्नचा उठाव शमून जेमतेम दीड-दोन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. तिथेच आज दुपारी तीनला मॅच होती आणि मी कठड्याला टेकून उभा होतो. अंगावर काटा आला हे लिहून ठेवतो.

मैदान सपाट नाही, चांगलंच उतरतं आहे. हा उतार फोटोत पकडायला फार वेळ गेला, कारण समोरून घेतलं की लेन्स सगळं सपाट करून टाकते. शेवटी एका टोकाला जाऊन बसलो आणि स्टँडच्या छताची कड चौकटीच्या वरच्या बाजूला अगदी आडवी धरली. मग तिच्याखाली कठड्याचा पांढरा पाइप घसरत जाताना दिसायला लागला. डाव्या हाताला छत आणि पाइप यांच्यात माणूस उभा राहील एवढी जागा आहे, उजवीकडे त्याहून बरीच जास्त. हा फोटो मला आजच्या दिवसातला सगळ्यात खरा वाटतो. गोल झाला त्याचेही फोटो आहेत, पण तसे कुठेही मिळतील.

मी नेहमी तासभर आधी पोचतो. मॅच सुरू झाली की सगळ्यांची नजर बॉलमागे धावते, माझीही. मैदान बघायचं असेल तर ते आधीच. आज एक वयस्कर गृहस्थ कोपऱ्यातले झेंडे रोवत होते. भोकात काठी घालायची, टाचेने भोवतालची माती दाबायची, मागे सरकून एक डोळा मिटायचा, काठी ओळंब्यात आहे का बघायचं, नसेल तर पुन्हा उपसायची. फोटो घेऊ का विचारलं तर म्हणाले, माझा नको, झेंड्याचा घ्या. म्हणून नुसते हात आणि काठी एवढंच घेतलं. इथे विचारल्याशिवाय कॅमेरा वर करायचा नाही आणि लहान मुलं चौकटीत येत असतील तर खालीच ठेवायचा. क्लबवाले याबाबतीत काटेकोर असतात आणि ते बरोबरच आहे.

तिकीट फाडणारे, चहा देणारे, जाळ्या बांधणारे, लाउडस्पीकरवर टीम वाचून दाखवणारे, सगळे बिनपगारी. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी प्लंबर, कुणाचा मुलगा कधीकाळी या क्लबकडून खेळलेला. इंग्लंडमध्ये वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब आहेत. त्यांच्याखाली नॉन-लीगची उतरंड सुरू होते आणि पार गावच्या टीमपर्यंत जाते. एवढी मोठी उतरंड अशा हातांवर उभी आहे.

प्रत्येक पायरीला मैदानाचे नियम वेगळे. फ्लडलाइट हवेत, खेळपट्टीभोवती कठडा हवा, प्रेक्षकांना उभं राहायला पक्की वाट हवी, ठरावीक लोक बसतील एवढं छप्पर हवं. टीम खेळून वर चढली तरी मैदान या नियमांत बसलं नाही तर वरची पायरी मिळत नाही. त्यामुळे छोटी मैदानं कधीच एकाच काळाची नसतात. जुन्या विटांच्या खोलीला पत्र्याची शेड जोडलेली असते. तिच्या बाजूला कारखान्यातून तयार येणारा लोखंडी स्टँड, त्यात क्लबच्या रंगाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पलीकडे चहाची खिडकी. पैसे आले तसं एकेक केलेलं असतं. मला या जोडकामाचेच फोटो हवे असतात. कुठला खांब कधी आला हे बघत गेलं की क्लबचे बरे-वाईट दिवस कळतात.

मध्यंतरात पाय (Pie), म्हणजे सारण भरून भाजलेली इंग्लिश पेस्ट्री, खाल्ली, सोबत हिरव्या मटाराचा लगदा, वर हेंडरसन्स रेलिश. हे रेलिश शेफील्डचं स्वतःचं. काळसर, पातळ आणि आंबट, त्यात चिंच असते. पहिल्यांदा खाल्लं तेव्हाच जीभ ओळखीचं काहीतरी सापडल्यासारखी थांबली होती.

आणखी एक गोष्ट नोंदवून झोपतो. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर फुटबॉलचं थेट प्रक्षेपण होत नाही. मोठ्या क्लबांच्या मॅच घरबसल्या दिसल्या तर छोट्या मैदानांवर कुणी फिरकणार नाही, म्हणून हा नियम फार पूर्वीपासून चालत आलेला आहे. माझ्या मते फुटबॉलमध्ये केलेल्या सगळ्या नियमांत हा सगळ्यात शहाणा.

रविवार, दुपार

सकाळपासून कालचे फोटो निवडतो आहे. हॅलमने १८६७ मध्ये यूडन कप जिंकला होता. नाटकगृह चालवणाऱ्या थॉमस यूडन या माणसाने ती स्पर्धा पुरस्कृत केली होती. तो चांदीचा कप पुढे हरवला आणि १९९७ मध्ये एका स्कॉटिश जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे सापडला, क्लबने तो पैसे मोजून परत घेतला. काल पहिली मॅच जिंकली म्हणून लिहिलं तो शेफील्ड क्लब १८५७ चा, म्हणजे जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब. पण तो आता शेफील्डमध्ये खेळतच नाही. २००१ पासून त्याचं मैदान शहराबाहेर, डर्बिशायरमधल्या ड्रॉनफील्डला आहे. २०११ मध्ये त्याने आपले हस्तलिखित नियम आणि जुने कागद लिलावात काढले, त्याचे ८,८१,२५० पौंड आले. खेळाचे इतके जुने नियम विकावे लागणं, हे वाचून मला वाईट वाटतं. पण मैदान हवं तर पैसा हवा, आणि कागद कपाटात ठेवून गवत वाढत नाही, हेही कळतं.

मैदानं जातात कशी, याचं उदाहरण पूर्व लंडनमध्ये आहे. इल्फर्ड, लेटनस्टोन, वॉल्थमस्टो ॲव्हेन्यू आणि डॅगनम हे चार वेगवेगळे क्लब. पहिले दोन १९७९ मध्ये एक झाले, वॉल्थमस्टो १९८८ मध्ये त्यात आला, डॅगनम १९९२ मध्ये. आज त्या सगळ्यांचा मिळून डॅगनम अँड रेडब्रिज असा एकच क्लब आहे. इल्फर्डचं लिन रोड, लेटनस्टोनचं ग्रॅनली रोड, वॉल्थमस्टोचं ग्रीन पाँड रोड, तिन्ही ठिकाणी आता घरं आहेत. मी त्या गल्ल्यांतून फिरलो आहे. मैदान कुठून कुठपर्यंत होतं हे नवख्याला कळायला काही खूण उरलेली नाही. जुने फोटो बघावेत तर बहुतेक खेळाडूंचे. स्टँडचा, फाटकाचा, कुंपणाचा फोटो मोठ्या मुश्किलीने मिळतो. जे रोज समोर असतं त्याचा फोटो कोण काढणार? माझ्या या नादाचं कारण कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

ग्रीन पाँड रोडवर १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचं फुटबॉल झालं होतं. दक्षिण लंडनमधल्या डलिच हॅम्लेट क्लबच्या चँपियन हिल मैदानावर त्याच स्पर्धेत दक्षिण कोरियाने मेक्सिकोला ५-३ असं हरवलं. आणि स्वतंत्र भारताची ऑलिम्पिकमधली पहिली फुटबॉल मॅच, ३१ जुलै १९४८ ची फ्रान्सविरुद्धची, तीही अशाच छोट्या मैदानावर, इल्फर्डमधल्या क्रिकलफील्डला. तालिमेरेन आओ कप्तान. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी. दोन पेनल्टी हुकल्या, रामनने बरोबरी साधून दिली होती, तरी शेवटी फ्रान्स २-१ ने जिंकलं. आपल्याकडे या मॅचची गोष्ट निघाली की अनवाणी पायांपाशी थांबते. मला मात्र ते पाय ज्या गवतावर होते ते बघावंसं वाटतं. दरवर्षी शनिवारची लीग खेळणाऱ्या हौशी खेळाडूंच्या परिसरात, विटांच्या घरांच्या मध्ये, भारताने ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये पाय ठेवला.

चँपियन हिल टिकलं, तेही झगडून. २०१८ च्या मार्चमध्ये जागेच्या वादातून डलिचला स्वतःच्याच मैदानातून बाहेर पडावं लागलं. लोक रस्त्यावर उतरले, नगरपालिकेपासून संसदेपर्यंत विषय नेला, आणि डिसेंबरमध्ये टीम परत आली. तिथले माझे फोटो आहेत, गुलाबी-निळे स्कार्फ गळ्यात घातलेले म्हातारे आणि कडेवर पोरं घेतलेल्या आया. गर्दीचा फोटो मी क्वचित काढतो. तिथे काढावासा वाटला, कारण तिथे मैदान राखलं ते त्या गर्दीनेच.

रविवार, रात्र

काकांचा फोन आला होता. काका एके काळी कोल्हापुरात तालमीकडून गोलकीपर होते. कुठे गेलतास, विचारलं. सांगितलं.

"पब्लिक किती हुतं?"

"तीनशेच्या आसपास असेल."

"तीनशे? आन् क्लब कवाचा म्हणालास?"

"अठराशे साठचा."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्यात तीनशे तर गेटबाहीर हुबी असत्यात. पर दीडशे वर्सं चालवाय पायजे, त्ये येगळं." आणि लगेच, "जाळी कशी बांधत्यात त्येचा फोटू धाड. हुकाची हाय का दोरीची."

पाठवला. कालच्यात एक निघाला, गोलच्या आडव्या बारच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी घट्ट केलेली जाळी. काकांनी मोठा करून बघितला असणार, कारण अर्ध्या तासाने मेसेज आला की दोन पट्ट्यांत अंतर जास्त आहे, कोपऱ्यातला बॉल जाळीमागून बाहेर निघेल.

कोल्हापूरचा फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालीम मंडळं, त्यांच्या जोडीला प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीसाठी निघालेल्या आखाड्यांनी पेठेपेठेत बॉल आणला आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने त्याची लीग बांधली. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मोठ्या मॅचला बसायला जागा मिळत नाही. हलगी घुमायला लागते आणि अख्खी पेठ उठून येते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. त्याचे फोटो शोधले की ढिगाने मिळतात. गांधी मैदानाच्या कुंपणाचा, सरावाच्या जागेचा, तालमीतल्या बूट वाळत घालायच्या दोरीचा फोटो शोधला. मिळाला नाही.

इंग्लंडमध्ये हे काम करणारे पुष्कळ आहेत. ग्राउंडहॉपर म्हणतात त्यांना. वह्या ठेवतात, कुठलं छप्पर कधी बदललं ते लिहून ठेवतात. आपल्याकडे मैदानावर येणारे त्याहून कितीतरी जास्त, पण मैदानाची नोंद ठेवणारं कुणी नाही. हे चांगलं नाही. पेठेतली एखादी मोकळी जागा पार्किंगला गेली की वर्षभरात तिथे काय होतं ते विसरायला होतं.

बुधवार

तिकीट काढलं. जानेवारीत कोल्हापूर, तेव्हा लीग चालू असते.

करायचं ते असं. शाहू स्टेडियम सकाळी, रिकामं असताना, पायऱ्या उजेडात येतात तेव्हा. मग चुना मारणाऱ्यांचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, परवानगी घेऊन. गांधी मैदान चारी बाजूंनी, एकेका कोपऱ्यातून, म्हणजे पुढे काही बदललं तर ताडून बघता येईल. तालमींच्या आतल्या भिंती, जिथे जुने टीम फोटो लावलेले असतात. शक्य झालं तर जे अजून हयात आहेत त्या जुन्या खेळाडूंना मैदानावर न्यायचं आणि पूर्वी गोल कुठे होते, माणसं कुठे बसायची, ते बोट दाखवून सांगायला लावायचं. काका पहिले. ते कुठल्या पोस्टाजवळ उभे राहायचे हे त्यांच्याकडून ऐकलं आहे, जागा कधी बघितली नाही.

प्रत्येक फोटोच्या दोन प्रती छापायच्या. एक तालमीला द्यायची, एक माझ्याकडे. मागे पेन्सिलीने तारीख, जागा आणि कुठल्या दिशेला तोंड करून घेतला ते लिहायचं.