आमची वाटचाल : ३ इंचांची दुमड

आम्ही शाळेचे युनिफॉर्म शिवतो. आमच्या मुलींच्या ट्युनिकच्या खालच्या कडेला ३ इंच कापड आत दुमडलेलं असतं. दुकानात घेताना ते कुणी बघत नाही. पुढच्या जूनला पोरगी उंच झाली की आई टीप उसवते, इस्त्री फिरवते आणि तोच युनिफॉर्म आणखी एक वर्ष चालतो. आमच्या धंद्याबद्दल सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागेल.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि ते यंत्रमागावर बदली कामगार म्हणून जाऊ लागले. घर चाललं ते अम्माच्या बिड्यांवर. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांमागे. शाळेतून आले की बिडीचं तोंड नखानं दुमडून बंद करायचं काम माझं. माल द्यायला गेलं की तपासणारा माणूस मूठभर बिड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. त्यांची मजुरी मिळायची नाही. अम्मा काही बोलायची नाही, मी टोपली धरून शेजारी उभी असायचे.

शाळेत सगळ्यांचा युनिफॉर्म एकच, त्यामुळे कोण कुठल्या घरातली हे कपड्यावरून कळायचं नाही. पण माझ्या केसांना, बोटांना तंबाखूचा वास यायचा. सातवीत शेजारची मुलगी दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. त्या दिवसापासून मी घरचं काही सांगायचंच बंद केलं. ट्युनिक तर ३ वर्षं एकच होता. अम्मानं दोनदा दुमड सोडली होती. जुन्या घडीच्या जागी गडद निळी रेघ उरली होती आणि मी ती दप्तरानं झाकायचे.

दहावीनंतर शिवण शिकले आणि एका युनिफॉर्म युनिटमध्ये लागले. आधी नुसते धागे कापायचे, मग कॉलर, मग पूर्ण शर्ट. अकरा वर्षं पीसरेटवर, म्हणजे नगामागे मजुरीवर काढली. २००६ मध्ये सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, तिथं अम्माच्या नावावर घर मिळालं. स्वतःचं छप्पर झालं म्हणून तर मशीन घ्यायचं धाडस आलं. २००९ मध्ये त्याच घराच्या पुढच्या खोलीत दोन जुनी मशीनं टाकली.

पुढची काही वर्षं मात्र मी दुसऱ्यासारखं दिसण्यात घालवली, हे मोकळेपणानं लिहिते. युनिफॉर्म म्हणजे हलकं काम, ब्रँड पाहिजे, असं डोक्यात बसलं. मुलींचे फॅन्सी फ्रॉक काढले, लेबलवर इंग्रजी वाटेल असं नाव छापलं. मुंबईच्या व्यापाऱ्यांसमोर बसले की माझ्या मराठीतला तेलुगू हेल लपवायला शब्द मोजून बोलायचे. घरी कोण काय करतं विचारलं की ‘आई गृहिणी’ असं सांगायचे. फ्रॉकची फॅशन चार महिन्यांत बदलायची, माल पडून राहायचा. उधारी वाढली.

त्यात एका ठोक व्यापाऱ्याची युनिफॉर्मची मोठी ऑर्डर आली. त्याची अट एकच, दुमड १ इंचाची ठेवा. हजार नगांमागे सुमारे ५० मीटर कापड वाचतं, हिशोब बरोबर होता. मी हो म्हणाले आणि माल दिला. अम्मानं एक नग हातात घेऊन कड उलटी केली आणि तेलुगूत विचारलं, “आता हिच्या आईनं पुढच्या वर्षी काय सोडायचं?” त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मला ती गडद निळी रेघ आठवली. तिची मला लाज वाटायची, पण तिच्यामुळेच माझी शाळा सुटली नाही.

पुढच्या हंगामाला त्याची ऑर्डर घेतली नाही. फ्रॉक बंद केले. २०१६ ला मुद्राचं कर्ज काढून ओव्हरलॉक आणि काज-बटनाची मशीनं घेतली, फक्त शाळेचे युनिफॉर्म, ३ इंच दुमड, आणि लेबलवर अम्माचं नाव. भाव इतरांपेक्षा थोडा जास्त पडतो. काही शाळा गेल्या. राहिल्या त्या अजून आहेत.

२०२० चं काय सांगायचं? मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा हंगामाचा कापलेला माल टेबलावर होता. जूनला शाळा उघडल्याच नाहीत. मास्क शिवून बायकांची मजुरी भागवली, एवढंच.

आज २२ मशीनं आहेत. बहुतेक बायका बिडी वळणाऱ्या घरातल्या, काही जणी स्वतः बिडी सोडून आलेल्या. त्या मला अक्का म्हणतात. नवीन आलेली पोरगी सुरुवातीला हात पदराखाली घेते, बोटांना वास असतो म्हणून. मी तिला माझ्या शेजारच्या मशीनवर बसवते आणि मी बिडीची तोंडं बंद करायचे ते सांगते, तेही तेलुगूत. व्यापारी समोर बसला असला तरी.

मे महिन्यात पत्र्याखाली ऊन मी म्हणतं, पण हंगाम तोच. पहाटे ५ ला काम सुरू करून दुपारी १ ला थांबतो, पुन्हा संध्याकाळी बसतो.

अम्माची नजर आता कमी झाली आहे. तरी रोज तासभर येते, तयार मालाच्या थप्पीशी बसते आणि प्रत्येक नगाच्या दुमडीवरून अंगठ्याचं नख फिरवते. टीप सैल असली की तिला नखाला कळतं. परवा तिनं १४ नग बाजूला काढले. ज्यांनी शिवले त्यांची मजुरी कापली नाही, आमच्याकडे छाटीची मजुरी कापत नाहीत. आज सकाळपासून ते १४ नग उसवायला घेतले आहेत.